गाडीचे टायमिंग : ठिणगी आधी का आणि किती?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा लेख मागितला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून; आमच्याजवळ लिहिण्यासारखे काय असणार? त्यावर मंडळातील एका मित्राने आठवण करून दिली, "अहो, तुमच्या दाजींच्या अ‍ॅम्बेसेडरचे लिहा की! आपली कितीतरी मुले आयटीआयला आहेत, गॅरेजात आहेत. त्यांना उपयोग होईल." म्हणून हा लेखनप्रपंच. वाचकहो, विषय जुन्या मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे टायमिंगचा आहे. आम्ही इंजिनीअर नाही, हे आधीच कबूल करतो. पण या एका विषयापायी आमच्या घरातील एका माणसाने जबर किंमत मोजली, आणि म्हणून तो आम्ही नीट समजून घेतला.

आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांनी २००१ साली सरकारी लिलावात निघालेली एक पेट्रोलवरची अ‍ॅम्बेसेडर पतपेढीचे कर्ज काढून घेतली. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे मूळची इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ती बनवली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. दाजींच्या गाडीत १४८९ सीसीचे, चार सिलिंडरचे जुने इंजिन होते. लग्नसराईत वऱ्हाड आणि एरवी दवाखाना, कोर्टाच्या तारखा, बारशी अशी भाडी मारून हप्ता जेमतेम निघत असे.

काही महिन्यांनी गाडी हायवेवर मरगळल्यासारखी चालू लागली. स्टँडजवळच्या एका मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला, कान देऊन डबी थोडी फिरवली, इंजिनाचा आवाज चढला तिथे बोल्ट आवळला, आणि म्हणाला, "घ्या दाजी, आता पळेल." गाडी खरोखर पळू लागली. दाजी खूश, आम्हीही खूश. आम्ही तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सुट्टीत क्लीनर म्हणून सोबत जात होतो.

पण दोन गोष्टी घडत होत्या. सकाळी हँडल मारताना एकदा हँडल असे उलट फिरले की दाजींचे मनगट आठ दिवस सुजलेले होते. आणि चढावर बोनेटखालून चणे भाजल्यासारखा बारीक टणटण आवाज येई. विचारले तर मिस्त्री म्हणाला, "हल्लीचे पेट्रोलच तसले आहे." मे २००२ मध्ये कल्याणचे लग्न आटोपून आम्ही नाशिकला परत निघालो. लहानमोठी मिळून गाडीत नऊ माणसे, टपावर सामान आणि आमच्या मांडीवर आहेराची स्टीलची भांडी. कसारा घाटात तो आवाज सुरू झाला. दाजींनी गिअर न बदलता पाय दाबून धरला. अर्ध्या घाटात ठोका बसल्यासारखा आवाज झाला आणि मागे निळा धूर सुटला. इगतपुरीपर्यंत गाडी दोरीने ओढत न्यावी लागली. इंजिन उघडले तेव्हा चौथ्या सिलिंडरचा पिस्टन रिंगांच्या खाचेपाशी तुटलेला निघाला. पाच महिन्यांचे हप्ते थकले. ताईच्या गळ्यातले काय काय गेले ते येथे लिहीत नाही.

आता हे का घडले, ते कळण्यासाठी ठिणगीपासून सुरुवात करावी लागेल.

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबतो. पिस्टन अगदी वर पोहोचतो त्या जागेला मिस्त्री मंडळी टीडीसी म्हणतात. सर्वसाधारण समज असा की पिस्टन तिथे पोहोचला की प्लग ठिणगी टाकतो, स्फोट होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. या समजात एक चूक आहे, आणि सगळा विषय त्या एका चुकीत आहे. तेथे स्फोट होत नाही, तेथे ज्वलन होते. प्लगपाशी पेटलेली ज्योत मिश्रणातून पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते आणि त्याला वेळ लागतो. हा वेळ अगदी थोडा, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचा. पण इंजिनाच्या हिशेबाने तो थोडा नव्हे.

आम्ही बँकेतले, म्हणून आकडेमोड करून दाखवतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे झाले. एक फेरा ३६० अंशांचा, म्हणजे सेकंदाला १८,००० अंश, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश. ठिणगी पडल्यापासून दाब शिगेला पोहोचेपर्यंत असे दोन हजारांश लागतात असे धरले, तर तेवढ्यात क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरलेला असतो. दाबाची शीग टीडीसीनंतर साधारण १५ अंशांवर आली तर पिस्टनला उत्तम ढकल मिळते. मग ३६ मधून १५ वजा केले की उरले २१. म्हणजे ठिणगी टीडीसीच्या २१ अंश आधी पडली पाहिजे. तेच इंजिन उभ्या गाडीत ८०० फेऱ्यांवर चालत असेल तर दोन हजारांशात फक्त साडेनऊ अंशांच्या आसपास फिरते, आणि ठिणगी जवळजवळ टीडीसीलाच पडली तरी चालते. हा हिशेब कच्चा आहे. वेग वाढला की सिलिंडरात घुसळण वाढते आणि ज्योतही जलद धावते, त्यामुळे गरज वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत जात नाही. पण मुद्दा लक्षात यावा : ठिणगी आधी पडली पाहिजे, आणि किती आधी, ते वेगाबरोबर बदलते. या आधी पडण्यालाच अ‍ॅडव्हान्स म्हणतात. उलट, ठिणगी उशिरा पाडणे म्हणजे रिटार्ड.

जुन्या काळी हे काम ड्रायव्हर स्वतः हाताने करीत असे. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला स्टिअरिंगखाली दोन दांड्या होत्या. उजवी पेट्रोलची, डावी ठिणगीची. हँडल मारण्याआधी डावी दांडी मागे घ्यायची, गाडी वेगात आली की पुढे करायची. जो ती मागे घ्यायला विसरे, त्याच्या हातात हँडल उलट फिरे. कारण ठिणगी फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच ती खाली ढकलते. अशा रीतीने त्या काळी कित्येकांचे हात मोडले. दाजींच्या मनगटाचा अर्थ आम्हाला हे समजल्यावर लागला. गाडी आम्हाला सांगत होती, आम्हीच ऐकले नाही.

पुढे ही दांडी गेली आणि तिचे काम डिस्ट्रिब्युटर स्वतःच करू लागला. वाटणी करणारा, म्हणून डिस्ट्रिब्युटर. कॉइलचा करंट तो १, ३, ४, २ या क्रमाने चार प्लगांना वाटतो. त्याचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. दांड्यावर चार कंगोऱ्यांचा कॅम असतो, आणि प्रत्येक कंगोरा सीबी पॉइंट उघडतो. पॉइंट उघडला की कॉइलचा करंट तुटतो, आणि तुटता क्षणी ठिणगी पडते. लागताना नव्हे, तुटताना. हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी कृती यावर आहे.

पॉइंटच्या पाटाखाली दोन लहान वजने असतात, स्प्रिंगांनी बांधलेली. गोफण गरगर फिरवली की धोंडा बाहेर ओढ घेतो, तशी वेग वाढला की ही वजने बाहेर सरकतात आणि कॅमला फिरण्याच्याच दिशेने थोडे पुढे ढकलतात. कॅम पुढे गेला की पॉइंट लवकर उघडतो, ठिणगी लवकर पडते. वेग उतरला की स्प्रिंगा वजनांना परत ओढतात. दुसरी व्यवस्था व्हॅक्यूमची. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एक चपटी डबी असते, तिच्यातून एक बारीक नळी कार्ब्युरेटरला जाते. गाडी सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालली असताना सिलिंडरात मिश्रण कमी भरते, विरळ असते आणि सावकाश जळते. त्या वेळी नळीतली ओढ डबीतला पडदा खेचते, पॉइंटचा पाट फिरवते आणि थोडा जास्त अ‍ॅडव्हान्स देते. चढावर पाय दाबला की ओढ नाहीशी होते आणि हा जादा अ‍ॅडव्हान्स आपोआप निघून जातो. आम्हाला तर या चपट्या डबीचे मोठे कौतुक वाटते. वजनांना फक्त वेग कळतो, हिला गाडीवरचा भार कळतो.

आता दाजींच्या गाडीकडे येऊ. नाशिकरोडचे एक निवृत्त फिटर, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, यांनी पुढे ते इंजिन बांधून दिले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून रोटर दोन बोटांत धरला आणि फिरण्याच्या दिशेने पिळला. तो थोडा फिरून, सोडताच स्प्रिंगने मागे यायला हवा. तो हललाच नाही. खाली वजने गंजून चिकटली होती. म्हणजे वेगात मिळायचा अ‍ॅडव्हान्स मिळतच नव्हता, आणि हायवेवरची मरगळ त्यामुळे होती. काका म्हणाले, "दुखणे खाली होते आणि औषध वर लावले." मिस्त्रीने वजने न पाहता सबंध डबीच पुढे फिरवली. त्यामुळे वेगात हवा होता त्यातला बराच अ‍ॅडव्हान्स मिळाला आणि गाडी पळाली. पण तोच अ‍ॅडव्हान्स कमी वेगात आणि भारातही कायम राहिला. काकांनी खुणा जुळवून पाहिले तेव्हा पुस्तिकेतील ५ अंशांऐवजी गाडी जवळजवळ २० अंशांवर लावलेली निघाली. घाटात, नऊ माणसांच्या भारात, कमी फेऱ्यांवर, ठिणगी फारच आधी पडत होती. दाब आणि उष्णता इतकी वाढे की ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेटे. ती टणटण म्हणजे याचा आवाज. याला नॉकिंग म्हणतात, आणि ते काही मिनिटे चालले तरी पिस्टन, रिंगा, गॅस्केट यांतले काहीही जाऊ शकते.

मिस्त्रीला आम्ही दोष देतो का? थोडा देतो. पण त्याला कोणी हे समजावून सांगितले नव्हते, आणि पुस्तिका इंग्रजीत होती. कानाने टायमिंग लावण्याची कला खोटी नाही. चांगल्या मिस्त्रीचा कान बरेच काही ओळखतो. पण उभ्या गाडीत, भाराविना, कान फक्त एका स्थितीचे ऐकतो. घाट त्याला ऐकू येत नाही.

आता योग्य रीत. आम्ही ती अ‍ॅम्बेसेडरच्या या इंजिनासाठी सांगतो. इतर गाड्यांत तत्त्व तेच, पण खुणा, दिशा आणि अंश वेगळे असतात, आणि त्या बाबतीत त्या त्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी.

प्रथम रोटर पिळून वजने मोकळी आहेत का ते पाहावे. व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढावी आणि टोकाला जीभ लावून धरावी. पॉइंटचा पाट हलून तिथेच थांबला तर पडदा शाबूत आहे, हळूहळू परत आला तर फाटला आहे. हे न पाहता पुढे जाऊ नये. त्यानंतर सीबी पॉइंट. कॅमचा कंगोरा पॉइंटच्या टाचेखाली आणून फट फिलर गेजने ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. फट आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम कधी उलटा करू नये. कारण फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते, कमी केली की मागे येते. टाच झिजत जाते तशी फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे पडत जाते. गाडी वर्षभरात न कळत सुस्त होते ती पुष्कळदा यामुळेच.

मग पंख्याकडचा पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि दुसऱ्याकडून हँडल सावकाश फिरवून घ्यावे. अंगठ्याला हवेचा जोर लागला की पिस्टन दाब घेत वर येतो आहे असे समजावे. क्रँकच्या पुलीवर एक खाच असते आणि इंजिनाच्या पुढच्या झाकणावर काटे असतात : सर्वांत लांब काटा टीडीसीचा, त्याच्या आधीचे ५ आणि १० अंशांचे. पाहायला वाकावे लागते, आणि खाच मळाने भरलेली असते. ती पुसून खडूने पांढरी करावी. खाच ५ अंशांच्या काट्याशी आणून थांबावे. पुढे गेली तर नुसती मागे घेऊन लावू नये. बरीच मागे नेऊन पुन्हा पुढे आणावी, म्हणजे साखळी आणि दात्यांतली ढील निघून जाते. या वेळी रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे असले पाहिजे.

आता १२ व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प घ्यावा. त्याची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या अंगाला लावावी. स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेला असेल तर करंट त्यातून जातो आणि दिवा विझलेला राहतो; पॉइंट उघडला की दिवा लागतो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करावा. या इंजिनात रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. डबी प्रथम त्याच दिशेने, दिवा विझेपर्यंत फिरवावी, आणि मग काट्यांच्या दिशेने अगदी हळू परत आणावी. दिवा लागेल त्या क्षणी थांबून बोल्ट आवळावा. दिवा लागला तीच ठिणगीची वेळ. खात्रीसाठी क्रँक मागे नेऊन पुन्हा पुढे फिरवावा. खाच ५ अंशांवर येताच दिवा लागला पाहिजे. काम होताच स्विच बंद करावा, नाही तर पॉइंट मिटलेला राहून कॉइल उगाच तापते.

ही झाली उभ्या गाडीची वेळ. चालू इंजिनावर पाहण्यासाठी टायमिंग लाइट मिळते. पहिल्या प्लगच्या ठिणगीबरोबर ती लखलखते आणि फिरती खाच जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, खाच पाहावी, मग हळूहळू वेग वाढवावा. खाच काट्यांपासून सरकत दूर गेली पाहिजे आणि वेग उतरताच परत आली पाहिजे. वजने खरोखर काम करतात याचा याहून चांगला पुरावा नाही. मात्र पंखा आणि पट्टा जवळच असतात, तेव्हा मफलर, ओढणी, सैल बाही घेऊन वाकू नये.

शेवटी रस्त्यावर पाहावे. इंजिन गरम झाल्यावर टॉप गिअरमध्ये तीसपस्तीसच्या वेगाने जाऊन एकदम पाय दाबावा. क्षणभर अगदी पुसट टणटण होऊन वेग वाढताच विरली तर ठीक. टिकून राहिली तर टायमिंग थोडे मागे घ्यावे. जुन्या लुकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला यासाठी ए आणि आर अशा खुणांचा एक लहान, बोटाने फिरणारा नट असतो. ए म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे. मात्र भीतीपोटी फार मागेही घेऊ नये. उशिरा पेटलेले मिश्रण बाहेर पडेपर्यंत जळत राहते. त्याने सायलेन्सरचा पाइप आणि एक्झॉस्ट व्हॉल्व तापतात, रेडिएटर उकळतो, आणि अ‍ॅव्हरेज घसरते. ते नुकसान आवाज न करता होते, एवढाच फरक.

पेट्रोलची सबब अगदीच खोटी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्या काळी ८७ आणि ९३ ऑक्टेनचे पेट्रोल मिळे. पुढे नेहमीचे पेट्रोल ९१ झाले. ऑक्टेन जितके जास्त तितके मिश्रण आपोआप पेटायला नाखूश. आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते नॉकिंगला चांगले तोंड देते, पण जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रण विरळ पडते आणि रबरी नळ्यांना ते सोसत नाही. मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्स्या सीएनजीवर आल्या तेव्हाही हाच प्रश्न होता. गॅस सावकाश जळतो आणि सहसा नॉक होत नाही, म्हणून त्याला टायमिंग पुढे लागते. पण त्याच सेटिंगवर गाडी पेट्रोलवर घेतली की चढावर टणटण सुरू. ड्रायव्हर मंडळी मधला कुठला तरी आकडा धरून चालवत. त्या टॅक्स्याही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या.

नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही. ठिणगी केव्हा टाकायची ते संगणक ठरवतो, आणि इंजिनावर बसवलेला एक सेन्सर नॉकिंगची कंपने ओळखून ठिणगी मागे घेतो. घाटात दाजींच्या पायाने जे केले नाही ते तो करतो. पण आमच्या आयटीआयच्या मुलांनी संगणकाच्या पडद्यावर अ‍ॅडव्हान्सचा आकडा पाहिला तर तो कशाचा आहे, हे त्यांना कळावे.

दाजींनी ती गाडी दुरुस्त करून आणखी नऊ वर्षे चालवली, कर्ज फेडले आणि २०११ मध्ये भंगारात दिली. डिस्ट्रिब्युटर मात्र त्यांनी काढून ठेवला. तो आता आमच्या भाच्याकडे आहे. वजने अजून मोकळी आहेत, कारण काकांनी घालून दिलेली पद्धत दाजींनी शेवटपर्यंत पाळली : दर पाच हजार किलोमीटरला रोटर काढून दांड्याच्या टोकावर दोन थेंब तेल, पाटाच्या फटीतून वजनांवर दोन थेंब, आणि कॅमला बोटभर नव्हे, नखभर ग्रीस. पॉइंटवर तेल पडले तर गाडी चालू होणार नाही, तेव्हा फडके हाताशी ठेवावे.